खारीचं बाळंतपण, तीन शिफ्टमध्ये

त्या दिवशी माझी खारी नेहमीसारखी चहात बुडून कपाच्या तळाशी गेली असती, तर आजही आम्ही चिखलीत राहत असतो. पण नेमकी त्याच दिवशी ती हातात शाबूत राहिली. अर्धी मी खाल्ली आणि अर्धी जिन्यात बसलेल्या मांजरीपुढे टाकली. बस्स, गुन्हा एवढाच. केलेल्या दानाचं फळ याच जन्मात मिळतं आणि ते टेम्पोत भरून न्यावं लागतं, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होतं!

(सगळं सविस्तर सांगतो. सध्या रात्री अकरापर्यंत मला एका जागी बसून राहण्याखेरीज दुसरं काम नाही. ते का, तेही ओघात येईलच.)

मी नवनाथ. चाकणच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला क्लार्क आहे. कोण किती वाजता आला, कोणाला लेट मार्क, कोणाचा ओव्हरटाइम, कोणाच्या जागी रिलीव्हर कोण, हे बघणं माझं काम. चारशे माणसांच्या तीन शिफ्ट मी लावतो आणि एकही मशीन माणसावाचून राहू देत नाही. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी बायको तनुजा, पण तिथे मात्र माझं वेळापत्रक कोणी विचारत नाही.

आम्ही भाड्याने राहतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरंही सहा झाली होती. काळेवाडीचं पहिलं घर मालकांच्या मुलाच्या लग्नात गेलं. सांगवीच्या मालकांना एके दिवशी गच्चीवरून नदीपलीकडचं औंध दिसलं आणि त्यांनी भाडं औंधचं लावलं. थेरगावला पाणी नव्हतं. रुपीनगरला भरपूर होतं, पण छतातून. मोशीच्या मालकीणबाईंना तनुजाच्या फोडणीने ठसका लागायचा. सहावं हे चिखलीचं. मोशीहून येताना भरलेली दोन खोकी तनुजाने इथे सोडलीच नाहीत. एकावर 'किचन' आणि दुसऱ्यावर 'जुन्या चादरी' असं लिहिलेलं होतं. ती दोन्ही तिने तशीच दिवाणाखाली सरकवली.

"अगं, उघड की ती."

"परत भरायचीच आहेत. उघडायची कशाला?"

"या घरातून आपण हलणार नाही, तनुजा. माझा शब्द आहे."

"हं," ती म्हणाली. सहा वर्षांत माझ्या शब्दाला तिने 'हं'पेक्षा मोठं उत्तर दिलेलं नाही. पण हे घर तिला मनापासून आवडलं होतं. ती शिकवते ती शाळा चालत दहा मिनिटांवर होती, स्वयंपाकघराला खिडकी होती आणि समोरच्या दारात फरीदाभाभी होत्या. आणि खरं सांगायचं तर मीही थकलो होतो. दरवर्षी पंखे उतरवून उतरवून माझी मान कायमची वर वळायला लागली होती.

घराचे मालक बबनराव. इमारत उभी आहे तिथे त्यांचं हरभऱ्याचं रान होतं. बाकीचं रान त्यांनी भाव चढायच्या बरोबर दोन वर्षं आधी विकलं, आणि हे दुःख ते कोणत्याही विषयावरून दोन मिनिटांत काढू शकतात. तीस वर्षं कंपनीत मशीनवर काम करून आता ते तळमजल्यावर आईबरोबर राहतात. आई म्हणजे ठकुबाई. वय विचारलं की 'पानशेतच्या पुरात मी जाणती हुते' एवढंच सांगतात. जिन्याच्या भिंतीवर बबनरावांनी लाल ऑइलपेंटने लिहून घेतलंय: 'कुत्री, मांजरी, बॅचलर व शिकवणी यांस सक्त मनाई. हुकमावरून.'

तर अशा या हुकमाखाली, दुसऱ्या पायरीवर बसून त्या मांजरीने माझी अर्धी खारी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती दारात होती. तिसऱ्या दिवशी घरात. चौथ्या दिवशी तिचं नाव खारी ठेवलं गेलं आणि पाचव्या दिवशी माझ्या चहाबरोबर मला पाव मिळाला, कारण खारी खारीसाठी राखून ठेवलेली होती.

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाचलंस का?" मी विचारलं.

"तिला कुठे वाचता येतं?" तनुजा म्हणाली.

महिनाभराने फरीदाभाभींनी खारीला उचलून तिच्या पोटावरून हात फिरवला. "नवनाथभाऊ, ये तो पेट से है. जानेवारीत पिल्लं होतील बघा." त्यांच्या माहेरी मांजरींची चार पिढ्या बाळंतपणं झालेली, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. त्यांनी तनुजाला तीन गोष्टी सांगितल्या. जागा अंधारी आणि कोरडी हवी. खाली जुनी सुती साडी किंवा चादर हवी. आणि तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: तिच्याकडे कुणी टक लावून बघायचं नाही. "मांजरीला नजर आवडत नाही. घाबरली तर पिल्लांना सोडून जाते, कधी कधी तर मारूनसुद्धा टाकते."

तनुजा गंभीर झाली. मी उत्साहात आलो. (आमच्या संसारात नेमकं असंच होतं. मी उत्साहात आलो की तिचा चेहरा गंभीर होतो.) कंपनीच्या पॅकिंग खात्यात खंडू म्हणून माझा दोस्त आहे. परदेशी मशीन ज्या लाकडी पेट्यांतून येतात, तसल्या एका मोडक्या पेटीच्या फळ्या त्याने रीतसर परवानगीने काढून दिल्या आणि दोन गुरुवार (आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारी) खपून आम्ही खारीसाठी बाळंतिणीची खोली तयार केली. हवेला भोकं, वर बिजागरीचं झाकण, आत फोम, फोमवर तनुजाची सुती साडी. बाहेरून 'ही बाजू वर' असा बाण, फुटक्या ग्लासचं चित्र आणि छत्री. तनुजा म्हणाली, "छत्री कशाला?" मी म्हणालो, "रुपीनगर विसरलीस का?"

खारी आली. तिने पेटीभोवती एक चक्कर मारली, बाण हुंगला, झाकणावर चढून बसली आणि पुढचे चार आठवडे झाकणावरच बसली. आत ती एकदाही गेली नाही.

इथवर फक्त माझा अपमान झाला होता. घर अजून आमच्याकडेच होतं. मग जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी दार वाजलं. बबनरावांची टकटक ओळखू येते, ते बोटाने वाजवत नाहीत, किल्लीच्या जुडग्याने वाजवतात. तनुजाने खारीला उचलून कपाटात ठेवलं आणि मी दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभा राहिलो.

"नवनाथ, जिन्यात मांजराचं क्यास घावलं."

"माझे असतील हो. हल्ली फार गळतात."

बबनरावांनी माझ्या डोक्याकडे बघितलं आणि ते क्षणभर विचारात पडले. एवढ्यात कपाटातून आवाज आला, "म्याव."

"ह्ये काय?"

"रिंगटोन आहे."

"मंग उचला की."

मी खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. "हॅलो, हां, बोला साहेब..."

"म्याव," कपाट म्हणालं.

"उचलल्याव बी वाजतुय व्हय?"

"कॉल वेटिंग," मी म्हणालो.

बबनरावांनी मला दारासारखंच बाजूला लोटलं, सरळ आत गेले आणि कपाट उघडलं. माझ्या इस्त्रीच्या युनिफॉर्मवर खारी आडवी पसरली होती आणि पोट आता झाकण्यासारखं राहिलेलं नव्हतं. "एकतीस तारखंला अ‍ॅग्रीमेंट सपतंय न्हवं?" बबनराव शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा त्यांच्या रागापेक्षा वाईट. "टेम्पो बोलवून ठिवा."

तनुजाने माझ्याकडे बघितलं. तिने 'हं' सुद्धा म्हटलं नाही.

तेवढ्यात जिन्यातून धापा ऐकू आल्या. ठकुबाई, ज्या तीन वर्षांत पहिल्या मजल्यावर चढल्या नव्हत्या, त्या भिंतीला धरत धरत आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "बबन्या, गप. गाभण हाय ती. गाभण मांजर आपल्या पायानं घरात आली न् तिला हाकलतूस? आरं, वार घावली तर सोनं हुईल सोनं!"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वार म्हणजे पिल्लाबरोबर बाहेर पडते ती नाळेची पिशवी. मांजरीची वार सुकवून, हळदकुंकू लावून तिजोरीत ठेवली की घरात लक्ष्मी पाणी भरते, अशी आमच्याकडे जुन्या माणसांची पक्की समजूत. अडचण एकच आहे. मांजर व्याली की वार तिथल्या तिथे खाऊन टाकते. त्यामुळे ती आजवर फारशी कोणाला मिळालेली नाही, आणि समजूत टिकून राहिली आहे ती त्यामुळेच.

"गेनबाच्या आयला घावली हुती," ठकुबाई दिवाणावर बसत म्हणाल्या. "खोबऱ्याच्या वाटीत घालून कणगीत ठिवली. सा म्हैन्यात त्येंच्या रानातनं रस्ता गेला. त्येचा नातू आता दोन दोन गाड्या उडवतुय."

"न् आमी आदीच इकून बसलो," बबनराव म्हणाले. (दीड मिनिट. त्यांचा विक्रम.)

मग ते बराच वेळ खारीकडे बघत राहिले. नजर बदलत गेली. शेवटी म्हणाले, "ऐका नवनाथ. वार माज्या हातात पडली, तर फुडलं अकरा म्हैनं हितंच ऱ्हावा. भाडं बी न्हाई वाढवायचा. न्हाई पडली तर..."

"टेम्पो," मी म्हणालो.

"आणि तिला हवी असली तर?" तनुजाने विचारलं.

"कुणाला?"

"मांजरीला. तिचीच ना ती?"

मला तर तो प्रश्न त्या वेळी अगदीच बायकी वाटला. माझ्या डोक्यात घर होतं. मांजर व्यायल्यापासून वार खाईपर्यंत जी काय दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात तिथे माणूस हजर पाहिजे. म्हणजे चोवीस तास पहारा. म्हणजे तीन शिफ्ट. आणि तीन शिफ्ट लावणं हे तर माझं रोजचं काम! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नोकरीचा घराला उपयोग होणार होता.

त्याच रात्री तक्ता फ्रिजवर लागला. पहिली शिफ्ट सात ते तीन, ठकुबाई. दुसरी तीन ते अकरा, बबनराव. तिसरी अकरा ते सात, मी. रिलीव्हर, तनुजा. (तिने सही करायला नकार दिला, तरी मी नाव टाकलं.) व्हॉट्सअ‍ॅपवर 'खारी ड्युटी' असा ग्रुप निघाला. बबनराव तर खुलले. तीस वर्षं दुसऱ्यांनी त्यांच्यावर नजर ठेवली होती, आता त्यांना नजर ठेवायला मिळाली होती. त्यांनी पेटीच्या वर एक बल्ब आणून टांगला, म्हणजे सगळं स्वच्छ दिसेल.

"भाऊ, अंधार पाहिजे तिला," फरीदाभाभी दारातून म्हणाल्या.

"अंधारात वार कशी दिसायची, भाभी?" बबनराव म्हणाले.

त्यापुढचे सोळा दिवस आठवले की आजही माझ्या डोळ्यांची जळजळ होते. रात्रभर मी खारीसमोर स्टुलावर बसायचो. ती माझ्याकडे बघायची. मी तिच्याकडे बघायचो. पहाटे पहाटे माझी मान पडायची आणि तेवढ्यात ती मुद्दाम उठून आळस द्यायची, की मी दचकून बॅटरी लावायचो. सकाळी बस पकडून चाकणला. तिथे टेबलावर डोकं ठेवायचो. लागोपाठ तीन दिवस मला लेट झाला, आणि टाइम ऑफिसच्या क्लार्कचं दुर्दैव असं, की स्वतःचा लेट मार्क त्याला स्वतःच मारावा लागतो.

दिवसा घर ठकुबाईंच्या ताब्यात. सात वाजता पानाची चंची घेऊन त्या हजर. तनुजा शाळेतून तीनच्या सुमारास यायची तेव्हा मिठाचा डबा साखरेच्या जागी आणि साखरेचा देवाजवळ गेलेला असायचा. खारीला ओव्याची धुरी दिली गेली. डिंकाचा लाडू भरवला गेला, तो तिने माझ्या चपलेत ठेवला. संक्रांतीला तर ठकुबाईंनी तिची ओटी भरली, खण-नारळासकट. खारी खणावर जाऊन झोपली. इमारतीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या त्या आमच्याकडेच आल्या आणि प्रत्येकीने विचारलं, "कितवा?" मांजरीचा, असं मी प्रत्येकीला समजावून सांगितलं.

एकदा रात्री मी स्टुलावर बसलेला असताना तनुजा पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "अरे, कोणी असं रात्रंदिवस समोर बसून राहिलं तर माणूस तरी बाळंत होईल का?"

"घराचा प्रश्न आहे, तनुजा."

"तिलाही घराचाच प्रश्न आहे," ती म्हणाली आणि दिवा मालवून गेली. मी उठून परत लावला.

आता, कोणत्याही कंपनीत विचारा. जो काही घोळ होतो तो शिफ्ट बदलताना होतो. पहिल्या शिफ्टचा माणूस हात धुवायला गेलेला असतो, दुसऱ्या शिफ्टचा कार्ड पंच करत असतो आणि मधली दहा मिनिटं मशीन एकटं असतं. हे मला माहीत होतं. म्हणून तर मी खास हँडओव्हरची वही केली होती! वेळ, मांजरीची स्थिती, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. वही भरल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, असा मी नियम केला.

बावीस तारीख, गुरुवार. मला सुटी होती, म्हणून हँडओव्हर मी जातीने बघायचं ठरवलं. तीनला दहा कमी असताना बबनराव वर आले. गुडघ्यामुळे ते चपला काढायला जिन्यात बसले. ठकुबाई बाहेर आल्या, कारण फरीदाभाभींनी त्यांच्या दारात चहा ठेवला होता. मी वही घेऊन बाहेर आलो. तेवढ्यात तनुजा शाळेतून आली, आमच्या तिघांच्या मधून वाट काढून आत गेली.

"अंगठा करा, आजी," मी म्हणालो.

"दोन येळा करते. काल बी बबन्या धा मिन्टं उशिरा आलाय."

"कवा? तुजं घड्याळ फुडं हाय!"

"माजं घड्याळ तुज्या बापाचं हाय!"

"एक मिनिट," मी म्हणालो, "काल २:५८ची नोंद आहे. इथे सही बबनरावांचीच आहे ना?"

"ही माजी सही न्हाई. माज्या सहीला खाली दोन टिंबं अस्त्यात."

मग टिंबांचा शोध सुरू झाला. मागची सोळा पानं उलटली. नऊ पानांवर टिंबं होती, सात पानांवर नव्हती. सात दिवस हँडओव्हर नेमका कोणी घेतला, हा फार गंभीर प्रश्न होता आणि मी तो धसाला लावायच्या मागे लागलो. ठकुबाईंचा चहा संपला, त्यांनी दुसरा मागितला. मध्येच कधीतरी आमच्या दाराची आतून कडी लागल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "वाऱ्याने लागलं असेल." (वाऱ्याने दार लागतं. कडी लागत नाही. हे मला नंतर सुचलं.)

साडेतीनला दार उघडलं. तनुजा शाळेच्याच साडीत होती, पदर खोचलेला, केस विस्कटलेले. तिने ओठांवर बोट ठेवलं.

पेटी रिकामी होती. बल्ब विझवलेला होता. तनुजाने आम्हाला दिवाणाशी नेलं आणि चादरीचं टोक जरासं उचललं. खाली अंधारात 'जुन्या चादरी' असं लिहिलेलं मोशीचं खोकं एका कोपऱ्यात फाटलेलं होतं आणि आत खारी आडवी पडली होती. तिच्या पोटाशी चार ओले, डोळे मिटलेले जीव चिकटले होते. एक काळा, दोन करडे आणि एक थेट खारीच्या रंगाचा. सोळा रात्री मी जे बघायला बसलो होतो त्यात हे बघायचं आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वार?" बबनराव कुजबुजले.

"खाल्ली तिने," तनुजा म्हणाली.

"समदी?"

"प्रत्येक पिल्लाची वेगळी होती."

"चार?" बबनरावांचा आवाज फाटला. "चारातली येक बी न्हाई ठिवली?"

"मी शेजारी बसले होते. तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिने माझा हात चाटला. मी तिच्या तोंडचं काढून घेतलं असतं तर ती पुन्हा कोणाकडे आली असती?" तनुजाची मान ताठ होती. "तिचीच होती ती. तिने खाल्ली."

बबनराव दिवाणावर बसले. रान विकल्याच्या दिवशी ते असेच बसले असतील. मग उठले आणि म्हणाले, "एकतीस तारीख, नवनाथ."

मी ठकुबाईंकडे धावलो. "आजी, बाळंतिणीला एवढ्यात हलवतात का हो?"

"छ्या! बाळंतिनीला सव्वा म्हैना जागचं हलवायचं न्हाई."

माझ्या जिवात जीव आला. सव्वा महिना म्हणजे फेब्रुवारी संपला. तोवर बबनराव निवळतील. "ऐकलंत का बबनराव? सव्वा महिना!"

"ऐकलं की," बबनराव म्हणाले. "आय म्हंती ते खरं हाय. मांजर न्हाईच हलायची. माज्या जाग्यात याली, ती आता माजी लक्ष्मी हाय." मग ते माझ्याकडे वळले. "तुमी हला."

एकतीस तारखेला टेम्पो आला. मी पंखे उतरवले, मान वर वळवली. 'किचन' लिहिलेलं खोकं जसंच्या तसं टेम्पोत चढलं. दुसरं मात्र तिथेच राहिलं, कारण त्यात माणसं राहत होती, म्हणजे मांजरं. निघताना ठकुबाई दारात आल्या, तनुजाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "काळजी करू नगं. मांजर पिल्लास्नी सात घरं दावती, पर ही काय जायची न्हाई. लई गुणाची हाय."

टेम्पोत तनुजा बोटं मोजत बसली. काळेवाडी, सांगवी, थेरगाव, रुपीनगर, मोशी, चिखली. मग सातवं बोट तिने माझ्यासमोर धरलं. "चाकण," ती म्हणाली. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

चाकणच्या घरी मी मालकांना आधीच अभिमानाने सांगून टाकलं, "आमच्याकडे कुत्रं नाही, मांजर नाही." ते बिचारे हिरमुसले. "मांजर असती तर बरं झालं असतं हो. उंदरांपायी मागची माणसं सोडून गेली."

ते खरं निघालं. 'किचन'चं खोकं सहाव्या दिवशी उंदरांनीच उघडलं. तनुजाला आता शाळेला दोन बस बदलून जावं लागतं. संध्याकाळी ती पाय चेपत बसते तेव्हा मला माझाच राग येतो. शब्द मी दिला होता.

आणि गेल्या महिन्यात फरीदाभाभींचा फोन आला. चिखलीची खोली बबनरावांनी कोणाला भाड्याने दिलीच नाही, तिथे खारीच राहते. चारही पिल्लं इमारतीत वाटली गेली, काळा ठकुबाईंच्या मांडीवर असतो. आणि खारीचं पोट पुन्हा दिसायला लागलंय. पाठोपाठ बबनरावांचा फोन. "नवनाथ, आयला आता जिना चढवत न्हाई. शिफ्टला मानूस कमी हाय. गुरवारी याल का? वार घावली तर खोली तुमची. माजा शबूद." शब्दाचं मोल माझ्याइतकं कोणाला कळणार? मी लगेच हो म्हणालो. या खेपेला चुकायचं नाही, हे घर तनुजाला परत मिळवून द्यायचंच, अशी मी शपथ घेतली.

म्हणून आज गुरुवारी मी चिखलीत, आमच्याच जुन्या खोलीत, स्टुलावर बसलोय. तीन ते अकरा. समोर तेच मोशीचं खोकं आहे आणि त्यात खारी आहे. बल्ब लावलाय. हँडओव्हरची वही मी या वेळी केलीच नाही, उगाच कोणाचं लक्ष दुसरीकडे जायला नको.

सकाळी मला वाटलं होतं तनुजा वाद घालेल. पण ती हसली. डबा दिला, आणि डब्याबरोबर ही दोनशे पानी कोरी वही आणि नवं पेन. "टक लावून बघू नकोस तिच्याकडे," ती म्हणाली. "कंटाळा येईल तुला. मागच्या वेळी काय काय झालं ते सगळं लिहून काढ. अगदी सविस्तर लिही." बायकोने माझ्या लिखाणाला उत्तेजन देण्याची आमच्या संसारातली ही पहिलीच वेळ. मला भरून आलं. सव्वातीनला जे खाली मान घालून लिहायला बसलो, ते आत्ता साडेपाच वाजलेत.

जरा थांबा. खोक्यातून काहीतरी चूं चूं ऐकू येतंय.

पाच आहेत. खारी पंजाने तोंड पुसतेय. आणि जिन्यात किल्ल्यांचं जुडगं वाजतंय.